हरायला जागा

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. वाघ बघायला मी गेलोच नव्हतो. मी गेलो होतो झेंडी पाडायला, आणि तिथं मला दिसली एक भिंत. तिचाच राग अजून डोक्यातनं गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी माणदेशातला. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पिकअप चालवतो, शर्यतीचे बैल या गावाहून त्या गावाला पोचवतो. लिहिणं हे काही आपलं काम नव्हे. पण आमच्याकडचे लोक चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की एक तर वाघ म्हणतात, नाही तर डोळे मोठे करतात. तिथली माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या घरचं जेवलोय, तेव्हा गप्प बसणं मला जमणार नाही.

दोन हिवाळ्यांमागं नागपूरकडं बैल सोडून पुढं मूल गावाला एक भाडं घेऊन गेलो होतो. सिंदेवाहीच्या पुढं जंगलात गाडीचा अ‍ॅक्सल तुटला. दोन्ही बाजूला साग, मोबाईलला रेंज नाही, आणि मी एकटा. घाबरून गाडीच्या टपावर चढून बसलो होतो. तिथून मला जवळच्या गावच्या सदाशिवभाऊंनी उतरवून घरी नेलं. सामान नागपूरहून येईपर्यंत ठेवून घेतलं, जेवू घातलं. निघताना खिशात हात घातला तर म्हणाले, "हात बाहेर काढा. पाव्हना आहे तुमी." त्या उपकाराखाली मी अजून आहे.

यंदा संक्रांतीनंतर त्यांचा फोन आला. "भाऊ, बंदी उठली आहे, पट घ्याचा आहे. झेंडीले तुमी या."

मी म्हणालो, "अहो, मला तिथलं काय कळतंय? तिथलाच कुणी बघा की."

"तुमी इथी कोनाचेच कोनी नाई. म्हनूनच तुमी पाहिजे."

### परक्याची झेंडी

तिकडं बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात, शंकरपट. ज्या पट्टीवरून बैल पळतात ती दान. आमच्याकडं पंच गावचेच, आणि मग भांडणंही गावचीच. तिकडं मोठ्या पटांत आता घड्याळं आलीत, पण सदाशिवभाऊंच्या गावाची रीत वेगळी होती. शेवटाला उभा राहून झेंडी पाडणारा माणूस परकाच लागायचा. कुणाचा सोयरा नाही, कुणाचा गाववाला नाही, पैज लावलेली नाही असा. कारण पटाला येणारा प्रत्येक जण दुसऱ्याचा मामा नाही तर साडू. त्या परक्यानं बैलवाल्याच्या घरी जेवायचंही नाही. आणि सगळ्या धुरकऱ्यांनी, म्हणजे छकडे हाकणाऱ्यांनी, आपापली तुतारी आधी त्याच्या पायाशी आणून ठेवायची. तुतारी म्हणजे खिळा लावलेली काठी. पळताना बैलाला टोचायचं नाही, हे त्या गावानं कोर्टाच्या शर्यतबंदीच्या कितीतरी आधी ठरवलेलं होतं. बंदी आली तेव्हा हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना एकच झाडू.

पैजाही ऐकून घ्या. पैज लागायची जेवणाची. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या सगळ्या माणसांना घरी नेऊन पंगत घालायची. त्यामुळं पटात कुणी हरलं की एका घरची चूल मोठी पेटायची, एवढंच. असल्या खेळाला जुगारी म्हणणारे लोक आज रात्रंदिवस मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशातल्या सामन्यांवर पैसे लावतात. हरले तर कुणाकडं हरले हेही त्यांना ठाऊक नसतं. त्यांना मात्र कुणी काही म्हणत नाही.

मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. धान कापून झालेलं, बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, नुसती खुंटं, तळ्याच्या काठी बगळे. प्रत्येक वळणाला वाघाची पाटी होती आणि प्रत्येक पाटीला मी काच वर करत होतो. सदाशिवभाऊ रस्त्यावर उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरं धोतर, कानाला बांधलेला दुपट्टा. हाताला धरून मला शेजारच्या घरी घेऊन गेले.

"माझ्याकडं नाई थांबायचं तुमाले. इथी शेवंताबाईकडं."

शेवंताबाईंच्या ओटीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. मी "जयभीम" म्हटलं. त्या म्हणाल्या, "जयभीम, या. झेंडीवाला ना? माझ्याकडं बैल नाई, पैज मी आयुष्यात लावली नाई, म्हनून हे लोक आपला न्याय माझ्या घरी आनून ठेवतात." सदाशिवभाऊंकडं बघून पुढं म्हणाल्या, "आनि यायले मी सांगून सांगून थकली. बैल पळवून कोनाचं पोट भरलं का जी?"

सदाशिवभाऊ म्हणाले, "भरलं ना. पंगतीत तुमीच तर वडे तळायले राहात होत्या."

"तळायले राहात होती. पळायले नाई."

रात्रीला भात, लाखोरीची डाळ आणि वांग्यात सुके झिंगे. आमच्याकडं भाकरीशिवाय जेवण झालं असं वाटत नाही. तिकडं सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. दुसऱ्या दिवशी मी भीतभीत भाकरीचं विचारलं तेव्हा त्यांनी लेकीच्या घरून पीठ मागवून भाकरी थापली. जाड झाली, काठाला चिरली. मला गोड लागली.

### मोहाखाली

सकाळी दान बघायला गेलो. गावाच्या खालच्या अंगाला लांब सरळ पट्टी. दोन्ही बाजूला बांध, लोक त्यावर उभे राहायचे. कितीतरी जणांच्या शेतांतून ती गेलेली, पण तिच्यावर कधी कुणी नांगर घातला नाही. दान ज्याच्या शेतातून गेली त्यानं ती सोडायची, एवढीच रीत. कागद कुठंच नाही. आम्ही अर्ध्यापर्यंत चालत गेलो आणि पुढं भिंत.

विटांची, रंगवलेली, माथ्यावर काचा. आत रिसॉर्ट. वाघ बघायला येणाऱ्या लोकांचं. खालच्या अंगाच्या दोघांनी शेतं विकली, त्यांत दानीचा तुकडाही गेला. बंदीच होती, पट पुन्हा कधी होणार कुणाला ठाऊक होतं? विकणाऱ्यांचं लेकीचं लग्न, कुणाचं दुखणं. त्यांना मी काय बोलू? पण घेणाऱ्यानं एकदा तरी विचारायचं होतं की एवढ्या चांगल्या जमिनीत ही पट्टी पडीक कशी. भिंतीवरून एका झाडाचा शेंडा दिसत होता.

"तो मोह दिसते का तुमाले?" सदाशिवभाऊ म्हणाले. "माझ्या आज्यानं राखलेला. तिथी दान संपते. तिथीच झेंडी पडायची."

मग त्यांनी मला ते सांगितलं ज्यासाठी मला एवढ्या लांबून बोलावलं होतं.

बंदीआधीच्या शेवटच्या पटात शेवटची जोडी त्यांची, आणि समोर त्यांच्या व्याह्याची. व्याह्याला तिकडं इवाई म्हणतात. इवाई म्हणजे किसनभाऊ, वैनगंगेपलीकडं गडचिरोलीच्या अंगाला त्यांचं गाव. सदाशिवभाऊंची लेक सुनीता त्यांच्या घरात दिलेली. दोन्ही जोड्या बरोबरीनं मोहापाशी आल्या आणि त्याच वेळी बांधावर पोलिसांची जीप दिसली, बंदीचा हुकूम घेऊन आलेली. त्या साली झेंडीला सिरोंच्याकडचा एक कापड विकणारा होता, तेलुगू बोलणारा. त्यानं झेंडी टाकली आणि जो पळाला तो आजतागायत दिसला नाही. झेंडी कुणासाठीच पडली नाही. दोघं व्याही तिथंच भांडले. हा म्हणतो मी, तो म्हणतो मी. किसनभाऊ बोलून गेले, "झेंडी पडत नाई तवर तुझ्या घरचा भात मी खात नाई."

आणि खाल्ला नाही. नातवाच्या बारशाला आले, पाणी पिऊन उठले. सदाशिवभाऊंची बायको गेली तेव्हा आले, उभ्याउभ्या रडले, तोंडात घास घेतला नाही. शब्द गेलेला, आता परत कसा घ्यायचा? सुनीता बिचारी मधल्यामधी.

सदाशिवभाऊ भिंतीकडं बघत म्हणाले, "माले जिंकायचं नाई, भाऊ. खरं सांगून राह्यलो. कोनीतरी हरलं पाहिजे. मी हरलो तर तो माझ्या घरी बसते. तो हरला तर मी त्याच्या घरी बसतो. पन हरायलेबी जागा लागते ना जी?"

### रिसॉर्टात

आम्ही दोघं रिसॉर्टच्या मुख्य फाटकातून आत गेलो. मी चपला बाहेर काढू की आत न्यायच्या या विचारात होतो. मॅनेजर तरुण, शहरी बोलणारा, स्वच्छ शर्ट. मोह हिरवळीच्या मधोमध उभा, त्याच्या अंगावर दिव्यांच्या माळा, खाली वेताच्या खुर्च्या. मागच्या भिंतीत, बरोबर दानीवर, जळणाचा ट्रॅक्टर आत घ्यायला एक लोखंडी दार होतं. ते एक सकाळ उघडावं, दोन जोड्या आत येतील आणि मोहापाशी थांबतील, एवढंच आमचं मागणं.

तो आधी नाही म्हणाला. हिरवळ खराब होईल, कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची. मग थोडा विचार करून खुलला. "काका, एक करू. रविवारी आमचे गेस्ट असतात. त्यांना काहीतरी अस्सल बघायला मिळेल. तुम्ही फेटे बांधून या. आणि झेंडी आम्ही छापून देतो, आमचं नाव घालून."

सदाशिवभाऊ हात जोडायला लागले. मला ते हात जोडणं बघवलं नाही. ज्याच्या आज्यानं तो मोह राखला, त्यानं त्याच्याच सावलीत जायला हात जोडायचे? पण मी परका. एवढंच म्हणालो, "झेंडी आमची आम्ही आणू."

शेवंताबाईंना सांगितलं तर त्यांनी पेटीतून एक जुनं पांढरं लुगडं काढलं आणि टर्रकन फाडून तुकडा हातात दिला. "त्या भिंतीनं आमचा तळ्याचा रस्ताबी खाल्ला. धुणं डोक्यावर घेऊन गावाले वळसा मारतो आमी. त्यायचं नाव आमच्या झेंडीवर? काऊन?"

### वैनगंगेपलीकडं

किसनभाऊंची जोडी आणायला मी पिकअप घेऊन गेलो. सदाशिवभाऊ सोबत आले. वैनगंगेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, नदीला नमस्कार केला. पलीकडं खनिजाचे ट्रक, एकामागं एक. तांबडी धूळ सागाच्या पानांवर, कपड्यांवर, जिभेवर. एटापल्लीच्या अंगानं येतात म्हणे. त्या ट्रकांना बाजू देत देत मी इतका घाबरलो की स्टेअरिंग घामानं ओलं झालं.

किसनभाऊ अंगणात उभे. बुटके, मिशाळ, मोठ्या आवाजाचे. व्याह्याला बघून म्हणाले, "आला का जिंकायले?"

"हरायले आलो."

"तुले हरताबी येत नाई नीट."

दोघं हसले, पण हात कुणी पुढं केला नाही. सुनीतानं दोघांना चहा दिला. वडिलांना आणि सासऱ्याला वेगवेगळ्या खाटांवर. सदाशिवभाऊ तिथलं जेवत होते, त्यांनी शब्द दिलेला नव्हता. किसनभाऊ मला म्हणाले, "झेंडीवाले, तुमी बाहेरच बसा. तुमचं खाणं तुमच्या गाडीत. रागावू नका." मी मुळीच रागावलो नाही. एवढा नेमानं वागणारा माणूस आमच्याकडच्या एकाही पंचाला लाभला नाही.

परत येताना किसनभाऊ माझ्या शेजारी बसले, सदाशिवभाऊ मागं बैलांपाशी. वाटेत एका बाजारगावाच्या बाहेर बोट दाखवलं. "इथी कोंबडबाजार भरे. बाजाराच्या दिवशी झुंज. त्या चिंचेखाली गोल करत. मले तो खेळ पटत नव्हता, कोंबड्याच्या पायाले पातं बांधत. गेला ते बरं झालं."

चिंच नव्हती. तिथं एक दुकान होतं, आणि दुकानाच्या पायरीवर चार माणसं मोबाईलात डोकं घालून बसलेली. एक ओरडला, दुसऱ्यानं शिवी दिली. सामना कुठं तरी लांब चालला होता.

"गेला कुठी, किसनभाऊ?" मागून सदाशिवभाऊ म्हणाले. "फक्त कोंबडा गेला."

### रविवार

जोड्या जुंपून आम्ही दाराबाहेर सकाळीच उभे होतो. फेटे कुणी बांधले नाहीत. गाव बांधावर आलेलं. दार बंद. गेस्ट सफारीला गेलेत, आले की उघडतो, असा निरोप. ऊन चढलं. जुंपलेले बैल उन्हात उभे करायचे म्हणजे काय, हे मी सांगू? पाणी मारून मारून आम्ही त्यांना गार ठेवलं. दुसरा निरोप आला, गेस्ट नाश्ता करतायत. मला वाटलं दाराला लाथ घालावी. गावातले मात्र बसून बिड्या ओढत होते. सवय झालीय त्यांना वाट बघायची, आणि याचाच मला जास्त राग आला.

शेवटी दार उघडलं. दोन्ही तुताऱ्या माझ्या पायाशी आल्या, मग जोड्या दानीच्या वरच्या टोकाला गेल्या. मी मोहाखाली जाऊन उभा राहिलो. मागं खुर्च्यांवर पाहुणे मंडळी, हातात सरबतं. "मी काळ्यावर." "मी त्या लाल चेहऱ्याच्या काकांवर, पैसे पाठव गूगल पेवर." मला वाईट काय वाटलं असेल तर हे की त्यांना कुणाचं नाव विचारावंसं वाटलं नाही.

तिकडून हाळी आली. जोड्या सुटल्या.

दुरून आधी धूळ दिसते, मग आवाज येतो, मग पायाखालची जमीन सांगायला लागते. सदाशिवभाऊंचा पुतण्या एका छकड्यावर, किसनभाऊंचा मुलगा, म्हणजे सुनीताचा नवरा, दुसऱ्यावर. बरोबरीनं येत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, जे आमच्यापैकी कुणाच्याच आधी लक्षात आलं नव्हतं. दान दोन जोड्यांची. दार एका ट्रॅक्टरचं.

बांधावरची माणसं ओरडायला लागली. पुतण्यानं कासरा ओढला. त्याची जोडी अडखळली, उजव्या बैलाचा खांदा दाराच्या लोखंडाला घासला. किसनभाऊंची जोडी सरळ आत आली आणि मोह ओलांडून गेली.

मी झेंडी पाडली. किसनभाऊंसाठी.

गाव ओरडलं. किसनभाऊ दारातून धावत आत आले, लाल झालेले. "नाई! हे धरत नाई मी. सदाशिव हरला नाई, दारानं हरवला त्याले! मले असली जीत नको!"

सदाशिवभाऊ दारातच खाली बसले. परत तेच. परत झेंडी लोंबकळत राहणार.

मॅनेजर हसत पुढं आला. "काही हरकत नाही, पुन्हा पळवा ना. आमच्या दोन गेस्टचा व्हिडिओ पण नीट आला नाही."

"हो, वन्स मोर!" कुणीतरी खुर्चीतून म्हणालं.

आणि किसनभाऊ पण म्हणाले, "पळवा. पुन्हा पळवा."

उजव्या बैलाच्या खांद्यातून रक्त येत होतं. तो थरथरत होता. आयुष्यात मी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. भाडं बुडवलं तरी गप्प बसणारा माणूस मी. त्या दिवशी मला माझाच आवाज ओळखू आला नाही. "कुणी पळवायचं नाही! हा खेळ तुमच्या व्हिडिओसाठी नाही!" मॅनेजरला म्हणालो. मग किसनभाऊंकडं वळलो. "आणि तुम्ही. मला लांबून कशाला आणलं? मी कुणाचाच कुणी नाही म्हणून ना? मग माझी झेंडी पडलेली आहे. दार वाईट आहे, भिंत वाईट आहे, मला मान्य. पण मोह आधी कुणी ओलांडला ते मी डोळ्यांनी बघितलंय."

त्यांनी तोंड उघडलं. ते बोलायच्या आत मी बैलापाशी गेलो, झेंडीची घडी केली, जखमेवर दाबली आणि कासऱ्याच्या टोकानं आवळून बांधली. शेवंताबाईंच्या लुगड्याचा तुकडा भराभर लाल झाला.

"आता झेंडीच नाही," मी म्हणालो. "कशावर पळवता?"

मग किसनभाऊ बैलापाशी आले, बांधलेल्या फडक्यावर हात ठेवून उभे राहिले. नंतर दारात बसलेल्या व्याह्याकडं गेले.

"ऊठ," म्हणाले. "हरला ना तू? मंग चूल कोन पेटवीन?"

### पंगत

संध्याकाळी सदाशिवभाऊंच्या अंगणात सगळं गाव होतं. उडदाचे वडे, मटण, भाताचे ढीग. शेवंताबाई तक्रार करत करत वडे तळायला गेल्या. सुनीता वाढत होती. झेंडीवाल्यानं तिथं जेवायचं नाही, म्हणून मी शेजारच्या ओटीवर एकटा, ताटात डाळभात आणि शेवंताबाईंची जाड भाकरी. कुंपणातून मला किसनभाऊंची पाठ दिसत होती. पहिला घास त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग खाल्ला. मग ताट पुढं केलं. "सुनीता, वाढ. इतक्या सालाचं उरलं आहे."

सदाशिवभाऊ त्यांच्या समोर उभे होते, बसत नव्हते. यजमान होते.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत असताना रिसॉर्टचा माणूस आला. दर रविवारी असा कार्यक्रम ठेवायचा विचार आहे, झेंडीवाले म्हणून याल का, पैसे मिळतील, फेटा आमचा. मी गाडी सुरू केली. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

किसनभाऊ आणि सदाशिवभाऊ दोघं गाडीपाशी उभे होते. आता खांद्याला खांदा लावून. जखमी बैलाला मी बघून आलो होतो, चारा खात होता.

"पुढच्या साली या, भाऊ," किसनभाऊ म्हणाले. "पुढच्या साली मी हरतो. माझ्या अंगनात पंगत."

"येईन की. पण पळवणार कुठं?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनीही त्या भिंतीकडं. शेवंताबाई ओटीवरून ओरडल्या, "अरे, जाऊ द्या त्याले! भाकर दिली आहे सोबत, गार होते."

भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन मी नागपूरच्या रस्त्याला लागलो. कापड ओळखीचं वाटलं म्हणून उलगडून बघितलं. त्याच लुगड्याचा दुसरा तुकडा होता, पांढरा, कोरा. पुढच्या झेंडीसाठी तो मी धुऊन, घडी करून ठेवलाय. त्यावर कुणाचंही नाव छापू देणार नाही. दान कुठं सापडते तेवढं बघायचं आहे.